एकाच नावाचे दोन ब्रेक

लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि मग वीतभर खाली घसरली. घरच्या कारखान्यातल्या चाचणीच्या मनोऱ्याखाली उभ्या वहिनीने ते पाहिलं. आत माणूस नव्हता, नुसती वजनं होती, एवढंच नशीब. दुपारी इस्पितळाची माणसं हीच लिफ्ट पसंत करायला येणार होती.

दिराने ब्रेकच्या लायनरला, म्हणजे चाक घासून धरणाऱ्या पट्ट्याला, दोष दिला, वर जाऊन ते आवळून आला आणि वजनं उतरवून स्वतःच आत शिरला. वहिनी ‘थांबा’ म्हणाली, पण त्याला थांबवणं त्याच्या आईलाही कधी जमलं नव्हतं.

तिचं मन तिला खात होतं. लायनर सैल असतं तर लिफ्ट करकरत घसरली असती. ही आधी मोकळी सुटली, मग पकडली गेली. नव्या मोटरचा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला होता: मोटर बंद, की त्याच क्षणी ब्रेक. मग हा उशीर कुणाचा?

तिने कॉम्प्युटर ओढला. सगळ्या फायली जोडून एक प्रोग्रॅम करायचं काम लिंकरचं. दोन फायलींत एकाच नावाचं फंक्शन, म्हणजे सूचनांचा तुकडा, सापडलं की तो अडून बसतो. पण इथे कुणीतरी त्याला एका ओळीत दटावून ठेवलं होतं: तक्रार नको, पहिलं सापडेल ते घे. वहिनीने फायलींची यादी उघडली. पहिली फाईल तिच्या नवऱ्याची होती.

तो जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचं ‘ब्रेकलाव’ जुन्या, संथ मोटरसाठी होतं. ते जरा दम धरून ब्रेक लावायचं. तिनेही आपल्या फंक्शनला तेच नाव दिलं, कारण या घरात ब्रेकला दुसरं नावच नव्हतं.

"निघालो," वरून दिराचा आवाज आला.

तिने धावत जाऊन लिफ्टचा मेन स्विच खाली ओढला. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो, तिथे प्रोग्रॅमला कुणी विचारत नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली. दीर अंधारात बराच वेळ तोंडाचा पट्टा सोडून होता. इस्पितळवाल्यांना मी इथूनच हात जोडू का, असंही विचारून झालं. तिने त्याला संपवू दिलं.

"भाऊजी, लिंकरला गप्प तुम्ही केलंत?"

दिराने आवाज खाली आणला.

"दोन्हीतलं एक काढा म्हणत होता, वहिनी. दादाचं खोडायला हात धजेना. आणि तुमचं खोडायची माझी छाती नव्हती."

तिला संताप आला आणि रडूही आलं. ती फाईल तिनेही कितीदा उघडून तशीच मिटली होती.

कारखान्यातल्या फिटरने वर मोटरचं चाक हाताने फिरवून त्याला खाली आणलं. तोवर तिने ती दटावणीची ओळ काढली, आणि लिंकरने लगेच तक्रार केली. मग नवऱ्याच्या फंक्शनच्या नावापुढे तिने ‘जुना’ एवढंच जोडलं. खोडलं काहीच नाही.

वजनं घालून लिफ्ट सोडली, ती तिसऱ्या मजल्यावर केसभरही हलली नाही. मग दीर आत शिरला, तशी वहिनीही शिरली.

"तुम्ही कशाला?"

"आता ब्रेक माझा आहे," ती म्हणाली आणि तिने तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं.