पूर्णबहादूरच्या दारावर

"नाना, चला लवकर," हे वाक्य मेघाने सकाळपासून वडिलांना इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते श्वासाबरोबर आपोआप बाहेर पडत होतं. आणि नाना दर दहाव्या पायरीला बसत होते. पायऱ्या तरी कसल्या, खालच्या नदीपासून थेट वरच्या गावापर्यंत कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या दगडावर दगड रचत गेलेलं. गावापर्यंत जीप जाते असं फोनवर सांगितलं होतं. पावसाळ्यात दरड कोसळली आणि जीपचा रस्ता अर्ध्यात संपला, हे मात्र काल संध्याकाळी इथे पोचल्यावर कळलं. "पाच तास," खालचा लॉजवाला म्हणाला होता. ते त्याच्या पायांचे पाच तास. नानांच्या गुडघ्यांचे किती, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी पूर्णबहादूरला वाटेला लावणार होते. आत्ता सव्वानऊ झाले होते आणि गाव अजून दिसतही नव्हतं.

उखर्डू नाना चाळीस वर्षं जळगावच्या एका डाळमिलमध्ये हमालांचे मुकादम होते. गाव शिंदखेड्याकडचं, आणि बोली अजून तिकडचीच. त्याच मिलच्या गेटवर पूर्णबहादूर गुरुंग सव्वीस वर्षं रखवालदार होता. रोज सकाळी सहाला त्याची ड्यूटी संपायची आणि नानांची सुरू व्हायची. मधली दहा मिनिटं दोघं गेटजवळच्या बाकावर बसून एकाच तळहातावर मळलेली तंबाखू खायचे. पूर्णबहादूर नेपाळचा, पण 'शे' आणि 'नही' असं बोलायचा की नवीन हमालांना तो सोनगीरकडचा वाटायचा. मग म्हातारपणी तो आपल्या डोंगरात परत गेला. दिवाळीला फोन यायचा, तेवढंच.

यंदा श्रावणात तो वारला. त्याच्या मुलाचा, दिलबहादूरचा, फोन आला. तो हिंदीत म्हणाला, "आमच्यात जाळणं लगेच होतं, पण मोठं कार्य नंतर करतात, सगळी माणसं जमली की. डिसेंबरात आहे, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी बाबांना कायमचं वाटेला लावायचं."

फोन ठेवला आणि नानांनी, वीस वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते बायकोला आणि मुलीला सांगून टाकलं. पूर्णबहादूरची आई गेल्याचा निरोप मिलच्या फोनवर आला होता. ऐन सीझन होता. शेठ म्हणाले, चार दिवस थांब, मग सांग, नाहीतर हा आजच पळेल. नाना थांबले. रोज सकाळी सहाला बाकावर बसून त्याच्याबरोबर तंबाखू खाल्ली आणि गप्प राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, "आजच फोन उना." पूर्णबहादूर त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला होता.

"त्यानी माय मरी गयती आन् मी त्याले खोटं सांगं," नाना म्हणाले. "त्याले वाटे लावाना आधी माले त्याना दारवर जाईसन सांगनं शे."

मेघा पाइपच्या कारखान्यात ऑफिसात होती. पंधरा दिवसांची रजा काढायला तिला साहेबासमोर किती बोलावं लागलं ते तिचं तिला ठाऊक. तिने तिकिटं काढली, सीमेपलीकडच्या बसची चौकशी केली, नानांना गुडघ्याचे पट्टे आणले. मंगळवारी निघायचं ठरलं. सोमवारी रात्रीच्या जेवणाला नाना म्हणाले, "मंगळवारले दारवर निंघतस नही." म्हणजे दुखवट्याच्या भेटीला मंगळवारी निघायचं नाही. झालं. तिकिटं वाया, बुधवारी उभ्याने गोरखपूर, एक दिवस तिथे गेला, एक दरडीत, आणि पहिल्या दिवशी पोचायचं ते आता तिसऱ्या दिवशी. मेघाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती अजून उतरली नव्हती.

दुसरं खूळ खाण्याचं. दारावर जाताना वाटेत खायचं नाही, घरच्या माणसाला भेटल्याशिवाय तोंडात पाण्याशिवाय काही घालायचं नाही. शिंदखेड्याहून चिमठाण्याला जायचं असेल तर ठीक आहे, तासाभराची गोष्ट. गाडीत मेघाने कसंबसं खायला लावलं होतं, पण शेवटच्या बसपासून, म्हणजे काल सकाळपासून, हा माणूस उपाशी होता आणि डोंगर चढत होता.

"नाना, निदान एक केळं खा."

"नही."

"चक्कर येऊन पडाल. इथून खाली कोण नेईल तुम्हाला? मी?"

"उठस मी. तू बोलू नको, दम लागस."

दम त्यांनाच लागला होता. मेघाने दात-ओठ खात सॅक पुन्हा पाठीला लावली.

वाटेवरून माणसं त्यांना मागे टाकून वर जात होती. सगळ्यांच्या पाठीवर वेताच्या टोपल्या, पट्टा कपाळाला लावलेला. एकीत तांदूळ, एकीत जिवंत कोंबडा, एकीत दारूचा प्लॅस्टिकचा कॅन. एक आजी, नानांपेक्षा थोरली असेल, डोक्यावर भाकऱ्यांसारखं काहीतरी फडक्यात बांधून टकाटक चढत गेली आणि वळून नानांकडे बघून हसली. मेघाला तिचा राग आला.

"सगळे काहीतरी घेऊन चाललेत, नाना. तिथेच चाललेत वाटतं."

"बाजारले जाई ऱ्हायनात व्हतीन."

पुढे चहाची टपरी लागली. मेघाने स्वतःसाठी चहा घेतला आणि सॅकमधून एक डबा काढला. तो तिच्या आईने, झुंबरबाईने, निघताना गुपचूप दिला होता. ज्वारीचे बिबडे, घरच्या गच्चीवर उन्हात वाळवलेले, आणि लसणाची चटणी. पूर्णबहादूरला बिबडे इतके आवडायचे की भाजायलाही थांबायचा नाही, कच्चेच कुडुमकुडुम खायचा. आई म्हणाली होती, "त्यानी बायकोले दे. नानाले दाखाडू नको." आई मोतीबिंदूमुळे येऊ शकली नव्हती, तिच्या मनाने तेवढंच पाठवलं होतं. भुकेने मेघाला आईची ताकीद आठवलीच नाही.

नानांनी डबा पाहिला. उठले, तिच्या हातातून घेतला आणि टपरीवालीच्या पुढ्यात ठेवून हाताने खुणावलं, ठेवून घे.

"नाना! आईने दिलाय तो!"

"सुतकी दारवर डबा लिसन जाई ऱ्हायनी का? सोयरीक कराले चालनी?"

"अहो, त्यांच्यात काय पद्धत आहे ते तरी..."

"दारवर जावानं तं हात रिकामा पाहिजे. बठ्ठा जगमा तसंच शे."

सगळ्या जगात! शिंदखेड्याच्या पलीकडे धुळं आणि धुळ्याच्या पलीकडे जळगाव, एवढं यांचं जग. मेघा काय काय बोलली ते नंतर तिलाही आठवेना. तुमच्या रीतीभातींनी माझा जीव मेटाकुटीला आलाय, हे नक्की बोलली. तेव्हा एक निरोप सांगता आला नाही आणि आता नियम सांगताय, हेही तिच्या तोंडून गेलं. नानांनी काठी टेकत पुढच्या पायरीवर पाय ठेवला. टपरीवालीने झाकण उघडून एक बिबडा मोडला, तोंडात टाकला, आणि मेघाकडे बघून मान डोलवली. आता तो डबा परत मागायची सोय उरली नव्हती.

वर पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. दगडी भिंतींची, दगडीच छपरांची घरं एकाला एक लागून, अंगणात मक्याची कणसं टांगलेली, आणि समोर आभाळात बर्फाचा डोंगर. एरवी मेघाने शंभर फोटो काढले असते. ढोल वाजत होते, त्या आवाजावरून घर शोधायला विचारावंही लागलं नाही. अंगण माणसांनी भरलेलं. मोठमोठी भांडी शिजत होती, पितळी वाट्यांतून दारू फिरत होती, पोरीबाळी हसत होत्या.

नाना फाटकाशी थांबले. "हाई काय? लगीन शे का?"

अंगणाच्या मधोमध बांबूचा, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला माणसाएवढा आकार उभा केला होता. अंगात खाकी स्वेटर, डोक्याच्या जागी माकडटोपी. तो स्वेटर नानांनी ओळखला. मिलमधून थंडीत मिळायचा तो, त्यांच्याकडेही तसाच होता. पुतळ्यापुढे केळीच्या पानांवर खाण्याचे ढीग लागले होते.

आणि मग नानांनी जे केलं त्याने मेघाने कपाळाला हात लावला. ते आत गेलेच नाहीत. फाटकाबाहेर जमिनीवर बसले, डोक्यावर टॉवेल घेतला, मान खाली घातली. त्यांच्याकडची रीत ती. घरातलं माणूस बाहेर येऊन समोर बसतं, मग बोलायचं. इथे ही रीत कुणाला माहीत? एक माणूस आला, आत चला म्हणून हात धरू लागला. नाना हलले नाहीत. एका बाईने दारूची वाटी पुढे केली. नानांनी तोंड फिरवलं. बाई बिचारी ओशाळून गेली.

"नाना, ते लोक पुतळा उचलायच्या तयारीत आहेत. उठा."

"घरनं मानूस येवाले पाहिजे."

"त्यांना काय स्वप्न पडणार आहे का?"

नानांनी टॉवेल आणखी पुढे ओढला. आतमध्ये पुरोहिताने ढोलाचा ठेका बदलला, चार गडी कमरेला कापड बांधू लागले. पाच दिवसांची गाडी-बस, दोन दिवसांचा उपास, हजारो पायऱ्या, आणि हा माणूस फाटकापाशी रुसलेल्या पाहुण्यासारखा बसून राहणार. मेघाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. सॅक तिथेच टाकून ती गर्दीत घुसली आणि "दिलबहादूर! दिलबहादूर गुरुंग!" असं ओरडत सुटली. चाळिशीचा एक माणूस वळला, तसा तिने त्याचा दंडच धरला. "मी जळगावहून. उखर्डू मुकादमांची मुलगी. तुमच्या आईला घेऊन बाहेर या आणि माझ्या वडिलांसमोर जमिनीवर बसवा. का ते विचारू नका."

त्याने विचारलं नाही. मुकादमांचं नाव ऐकून तो धावतच आत गेला.

पूर्णबहादूरची बायको, धनमाया, बाहेर आली. लहानखुरी, सुरकुतलेली, कानांत सोन्याच्या मोठ्या चकत्या. ती नानांसमोर बसली, त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "उखर्डू शे का?"

नेपाळच्या त्या डोंगरात, पूर्णबहादूरकडून तिने उचललेले ते आपल्या बोलीतले शब्द ऐकले आणि नानांचा बांध फुटला. टॉवेलात तोंड घालून ते रडले. मग त्यांनी सांगायला घेतलं. ते त्यांच्या बोलीत सांगत होते, मेघा हिंदीत, दिलबहादूर त्यांच्या भाषेत. चार दिवस. रोज सकाळी तंबाखू. "आजच फोन उना." शेठ म्हणाले म्हणून, पण जीभ माझी होती. माफी माग असं कुणी म्हटलं नव्हतं, पण त्यांनी हात जोडले.

धनमायाने सगळं ऐकून घेतलं. मग दिलबहादूरला काहीतरी सांगितलं. तो मेघाकडे वळला.

"आई म्हणते, बाबांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी. आमच्या काकांनी मिलशेजारच्या फोन-बूथवरही निरोप ठेवला होता. बूथवाल्याने त्यांना त्याच दिवशी सांगितलं."

"मग ते निघाले का नाहीत?"

"निघून पाच-सहा दिवस लागायचे. आजीला जाळणं तर तेव्हाच झालं होतं. तिचं मोठं कार्य बाबांसाठी थांबणारच होतं. बाबा आईला म्हणाले होते, मुकादमाच्या तोंडावरच दिसत होतं की त्याला सांगायला बंदी आहे. मी सांगितलं असतं की मला कळलंय, तर तो शेठशी भांडला असता आणि त्याची नोकरी गेली असती. म्हणून वाट बघितली. तो सांगेपर्यंत."

मेघाने हे नानांना सांगितलं. नानांना पहिल्यांदा समजलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं. त्यांचं रडणं थांबलं. चेहरा लाल झाला.

धनमायाने त्यांचा हात धरून उठवलं आणि पुतळ्यापाशी नेलं. दिलबहादूर म्हणाला, "आता निघायचंय. त्यांना जे आवडायचं ते प्रत्येकजण पुढे ठेवतो. तुम्ही काय आणलंय?"

नाना आपल्या रिकाम्या हातांकडे बघत राहिले. मग मेघाकडे. डबा खाली टपरीवर होता, तीन तास खाली. बोलायला मेघाकडे पुष्कळ होतं, आणि बोलायचा हक्कही होता. ती बोलली नाही.

नानांनी खिशात हात घातला. तंबाखूची पुडी काढली, चुन्याची डबी काढली. तळहातावर मळली, तशीच, दहा मिनिटं घ्यायचे तितक्या सावकाश, गडी खोळंबून उभे असताना. फुंकर मारली. दोन भाग केले. मोठा भाग केळीच्या पानावर, भात आणि मटणाच्या मध्ये ठेवला. लहान स्वतःच्या दाढेत धरला. दोन दिवसांत तोंडात गेलेली ती पहिली वस्तू.

आणि मग ते पुतळ्यावर ओरडले.

"तुले मालूम व्हतं? मंग बोलना का नही रे? रोज मनापास बसना, तंबाखू खादी, आन् बोलना नही? वीस वरीस हाई वझं मी उचलं! एक डाव बोलता तरी!"

ढोलवाला थांबला. कुणाला शब्द कळले नाहीत, पण कुणी हसलं नाही. गड्यांनी पुतळा उचलला, तशी गर्दी दोन्ही बाजूंना सरली. नाना पुतळ्याशेजारी चालू लागले, खाकी स्वेटरची बाही मुठीत धरून. काठी आणि चपला अंगणातच राहिल्या होत्या. घरांमधून, शेताच्या बांधावरून, पुढच्या दगडी पायऱ्यांवरून ते चालले होते आणि तोंडाने चालूच होतं, "बोलना का नही, पूर्ण? का नही बोलना?" गुडघे कुठे होते कोण जाणे.

मेघा त्यांची काठी आणि चपला घेऊन मागून धावत होती.

"नाना," ती म्हणाली, "नाना, हळू चला."