शेवटचा मोर छाप

"काडतूस लांब हाय, तुमच्या बंदुकीचं घर आखूड. बार केला तर नळी फुटंल, काका," लातूरच्या दुकानदाराने नवं काडतूस माघारी घेतलं. "मोर छाप आता कुठंच मिळायचं न्हाई. कंपनीच बंद पडली."

आमचे हे तरी तिथेच उभे. नांदेडला विचारून झालं होतं, लोह्याला झालं होतं, कंधारला एका जुन्या शिकाऱ्याचा उंबरा झिजवून झाला होता.

"चला आता घरी. काडतूस काय शेतात उगवतंय?" मी त्यांना ओढतच एसटीत बसवलं.

आमचे हे म्हणजे सिद्रामप्पा गिरणीवाले. वर्षभर पिठाने पांढरे, कुणी विचारत नाही. पण शिवरात्रीला यांच्या बंदुकीचा बार झाल्याशिवाय महादेवाची पालखी उठत नाही. बंदूक आज्याची, तिला चालतं फक्त मोर छाप. लाल कागदी, बुडाला पितळ. बार झाला की रिकामी पुंगळी त्या वर्षीच्या बाळंतिणीला द्यायची. तिने तिच्यात विभूती भरून पाळण्याला बांधायची. निम्मं गाव त्या पुंगळीखाली झोपून मोठं झालंय. त्या एका दिवशी हा माणूस ताठ चालतो, आणि खरं सांगते, तेव्हा मला तो फार आवडतो.

यंदा लातूर जिल्हा झाला, पाऊसही बरा झाला, जत्रा दणक्यात होणार होती. आणि आमच्याकडे एक काडतूस नाही!

गावात उतरलो तर देवळाचे पंच आप्पासाहेब पुढ्यातच. "सिद्रामप्पा, कशाला जीव काढताय? जिल्हा नवा, रीत बी नवी. सुतळी बॉम्ब लावू की."

"लावा," हे म्हणाले. घरी येऊन बंदूक पुसत बसले, जेवले नाहीत. मला असा राग आला, पंचांचा, कंपनीचा, त्या मेल्या मोराचासुद्धा!

शिवरात्रीला सकाळी आडावर शेजारच्या पार्वतम्मापाशी मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. ती घागर तशीच टाकून घरी पळाली. थोड्या वेळाने दहा वर्षांच्या लेकीला, जगदेवीला घेऊन आमच्या दारात. हातात विभूतीचा डबा.

"दाजी, हे तुमचंच हाय बगा."

राखेतून तिने काडतूस काढलं. लाल. मोर छाप.

बहात्तरच्या दुष्काळात जत्रा झाली नाही. बार नाही, तर पुंगळी कुठली? पण जगदेवी तेव्हा नुकती जन्मलेली, बाळंतिणीला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं, म्हणून या भोळ्या माणसाने भरलेलं काडतूसच पार्वतम्माच्या ओटीत घातलं होतं! जत्रा भरली की येऊन बार करतो म्हणाले, आणि विसरले.

"अगं बाई! पाळण्याला बांधलंस का काय?" मी ओरडलेच.

"न्हाई वं अक्का, लई भ्याले. राखंत पुरून ठिवलं. म्हणलं, दाजी येतील मागाया."

दुपारी पालखीपुढे अख्खं गाव. आप्पासाहेबांच्या एका हातात सुतळी बॉम्ब, दुसऱ्या हातात काड्यापेटी. यांनी नळी आभाळाकडे केली. खट्. काहीच नाही. मी डोळे मिटले. महादेवा, एवढ्या खेपेला ऐक रे बाबा! यांनी घोडा पुन्हा ओढला.

धडाड्! देवळावरची कबुतरं उडाली, 'हर हर महादेव'चा गजर झाला आणि पालखी उठली.

यंदाच्या बाळंतिणीने पुंगळी घेतली नाही, आधी तिला द्या म्हणून जगदेवीकडे बोट केलं. यांनी पुंगळी तिच्या हातावर ठेवली. "लई उशीर झाला, माय."

"गरम हाय!" ती म्हणाली आणि मूठ मिटली.

आप्पासाहेब जवळ आले, काड्यापेटी यांच्या हातात दिली. "पुढल्या सालापासून बॉम्ब का असंना, बत्ती तुमीच लावायची."

दुसऱ्या दिवशी मी चुलीसाठी ती काड्यापेटी मागितली. दिली नाही. खिशात घालून तशीच गिरणीत घेऊन गेले.