मधली भिंत

आकाराम फौजेतून सुटून आला आणि त्यानं शिरवळला हायवेच्या कडेला हॉटेल काढलं. पिणं आणि जेवणं एकाच खोलीत चालायचं. धंदा बरा होता, पण त्याची बायको विजयमाला तिथं कधी फिरकली नव्हती. "त्या पिणाऱ्यांच्यात मी कुठं बसू?" म्हणायची.

त्या वर्षी दारूच्या लायसनचे नियम कडक झाले. साहेब आले, खोली बघितली आणि म्हणाले, "मधे भिंत घाला. दारूला वेगळं दार, जेवणाला वेगळं. तोवर एकही बाटली उघडायची नाही."

निम्मी जागा जाणार म्हणून आकाराम वैतागला, पण गवंडी बोलावून त्यानं भिंत घातली.

तिचा रंगही वाळला नव्हता, तोवर विजयमाला जावांना आणि शेजारणींना घेऊन नव्या दारानं आत आली. सगळ्या पोटभर जेवल्या.

"कसं वाटलं?" आकारामनं भीत भीत विचारलं.

"आवं, भिंत झ्याक हाय. रश्श्याला चव न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच चुलीपाशी उभी राहिली. हळूहळू पुण्या-साताऱ्याच्या गाड्या बायकापोरांसकट थांबायला लागल्या. रविवारी तर बसायला जागा मिळेना.

"पलीकडची दोन टेबलं इकडं घेऊ का गं?" आकारामनं विचारलं.

"घ्या की. लय लोकं उभी हायती."

पिणाऱ्यांनीही तक्रार केली नाही. जेवायला तेही आता विजयमालाच्याच बाजूला यायचे.