तेरा नंबरची नळी

प्रयोगशाळेत एकारीसमोर चोवीस नळ्या होत्या. मलावीतल्या ब्लँटायर शहराच्या त्या इस्पितळात दोन महिन्यांत कितीतरी नवजात बाळं तापाने दगावली होती. त्यांच्या रक्तातले आणि वॉर्डातल्या नळ-बेसिनांवरचे जंतू वाढवून, त्यांचा डीएनए त्या नळ्यांत काढून ठेवला होता. नळ्यांवर नुसते नंबर, पण तेरावी कुणाची हे तिला नोंदवहीतल्या तारखेवरून कळलं होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं, तियामिकेचं पाच दिवसांचं बाळ.

"तू घरी जा, मी करतो," प्रयोगशाळेचे प्रमुख म्हांगोसर म्हणाले.

"नको सर. तुम्हाला आता बारीक दिसत नाही, मागच्या खेपेला दोन नळ्या घालवल्यात."

"काढ माझं वय!" म्हणत ते तिच्या शेजारीच उभे राहिले.

फ्रीजर बंद पडून मूळ जंतू मेले होते. तेराव्या नळीत उरला होता तेवढाच थेंब. एकारीने डीएनएचे तुकडे केले, कुठला तुकडा कुणाचा हे डीएनए वाचणाऱ्या मशीनला ओळखता यावं म्हणून प्रत्येकाला खूण जोडली, धुळीएवढ्या बारीक चुंबकी मण्यांवर ते धरून अल्कोहोलने धुतले. मणी जरा जास्त वाळले की सगळं वाया. तेवढा वेळ तिने डोळ्याची पापणी हलवली नाही.

चार दिवसांनी उत्तर आलं. तेरावं बाळ, आणखी सहा बाळं आणि दारालगतचं बेसिन, सगळीकडे जंतू एकच. ते बेसिन उखडलं गेलं. बाळांच्या घरच्यांना कळवायचं ठरलं, तेव्हा तियामिकेकडे एकारी स्वतः गेली.

तियामिके अंगणात मक्याचे दाणे काढत होती. महिनाभर तिची सासू येईल-जाईल त्याला सांगत होती, हिचं दूधच वाईट.

"आई, ऐका," एकारी सासूला म्हणाली. "जंतू इस्पितळाच्या बेसिनमधला होता. ताईच्या दुधाचा काही दोष नाही."

सासू कमरेला गुंडाळलेलं कापड घट्ट खोचत आत निघून गेली.

"कुठलं बेसिन गं?" तियामिकेने विचारलं.

"दाराजवळचं."

तियामिकेचे हात थांबले. "मी तिथंच हात धुवायचे. नर्स म्हणायची, बाळाला घेण्याआधी धू. मी दोन-दोनदा धुवायचे, एकारी."

दुधाबद्दल काय बोलायचं ते एकारी वाटभर घोकत आली होती. हात धुण्याचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती खाली बसली आणि बहिणीचे हात आपल्या हातांत धरून राहिली. तियामिकेने ते सोडवून घेतले नाहीत, पण तिच्याकडे पाहिलंही नाही.