दहाव्यापर्यंत लेझर

अश्विनी गेल्याचं मला कर्जतला कळलं. मी लिंबाच्या बागेत होतो. तिच्या नगरच्या कॉलेजातले शिपाई आसाराम यांनी फोन केला. अश्विनी, माझी बायको, तिथं भौतिकशास्त्र शिकवायची. प्रयोगशाळेतच टेबलाजवळ पडली. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

त्या टेबलावर तिचं काम होतं. मला तिनं सांगितलं ते असं. लेझर कितीही चांगला असला तरी त्याचा प्रकाश स्वतःच थोडा थरथरतो, म्हणून फार बारीक हालचाल मोजता येत नाही. ती एका स्फटिकाच्या मदतीनं ही थरथर एका बाजूनं दाबायची. दुसऱ्या बाजूला वाढते, पण मोजायची बाजू शांत होते. वाटेत थोडा प्रकाश वाया गेला की मात्र थरथर परत येते. तिला हे एकदा साधलं होतं. एकदाच झालेलं कोणी खरं धरत नाही. तिची विद्यार्थिनी सृष्टी हिच्याबरोबर तिला ते पुन्हा करून दाखवायचं होतं.

दहावा झाल्यावर मी कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेत तिच्या टेबलावर आरसे, स्फटिक धुळीपासून झाकणारी पेटी होती, तिचं झाकण काढलेलं होतं. आत अश्विनीचा फोटो, हार, उदबत्तीची राख. सृष्टी आरसे पुसत होती.

“मानूस गेलं तिथं दहाव्यापतुर दिवा ठिवत्यात ना, भाऊ,” आसाराम म्हणाले. “मॅडमचा दिवा म्हंजी ह्यो लेझर. मी इझू दिला न्हाई.”

“आणि उदबत्ती?” सृष्टी म्हणाली. “खंडेनवमीला मॅडम तुम्हाला काय म्हणायच्या, आसारामकाका?”

“म्हनायच्या, देवाला वास व्हरांड्यातूनबी येतो.” ते हसले आणि मग भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

आरसे साफ झाले. स्फटिकावर बसलेला उदबत्तीचा धूर लेझरनं भाजून घट्ट झाला होता. तो निघेना. सृष्टीनं यंत्र लावून पाहिलं, पुन्हा लावलं.

“काका, थरथर दबतच नाही,” ती मला म्हणाली.

“नवा स्फटिक?” मी विचारलं.

“परदेशातून येतो. पैशांची मंजुरी मॅडमच्या नावावर होती. आता कोणाला मिळणार?”

आसारामना मी दोष दिला नाही. घरच्या माणसासाठी करतात तसंच त्यांनी केलं.

सृष्टी पुण्याला नोकरीला लागली. ती खोली आता कॉम्प्युटरच्या वर्गाला दिली आहे. मोजमाप दुसऱ्यांदा झालेलं नाही.