पुसू का, बेगम?

उस्मानपुऱ्यात मुबारक सरांचा कंप्युटर क्लास होता दोनच खोल्यांचा, पण सरांचा आवाज जायचा पार चौकापर्यंत. खालचा पानवाला म्हणायचा, "सर, फी भरली नाय, पण निम्मा कोर्स माझा झाला बघा!" आणि शिकवायचे ते तरी काय? अशी एक सिस्टीम, जिच्यात चित्र नाही, बटण नाही. काळ्या पडद्यावर नुसते हुकूम टाइप करायचे. हुकुमांची नावं म्हणजे अर्धवट गिळलेले शब्द. कॉपीचं सीपी, रिमूव्हचं आरएम. फाईल वाचायची तर म्हणे कॅट! पोरं खिदळायची. सर म्हणायचे, "बनवणाऱ्यांच्या काळात टाइप करणं म्हणजे बोटांची हमाली होती रे. दोन अक्षरांत भागतंय तर दहा कोण बडवणार?"

त्या सिस्टीमची आणखी एक खोड होती. काम नीट झालं की ती चकार शब्द काढायची नाही. चुकलं तरच बोलायची. "गप्प बसली की समजायचं, झालं," सर सांगायचे. स्वतः मात्र मिनिटभर गप्प बसतील तर शपथ.

सरांची बायको शकीला क्लासच्या फायली सांभाळायची. आरएम म्हटलं की ती सिस्टीम फाईल कायमची पुसून मोकळी. कचऱ्याचा डबा नाही, एका शब्दानं विचारणं नाही. पहिल्याच आठवड्यात शकीलानं सगळ्या पोरांची हजेरी उडवली. सर रागावले नाहीत. त्यांनी आपल्या मशीनवर एक जुगाड करून ठेवलं. आरएम म्हटलं की प्रत्येक फाईलला पडद्यावर उमटायचं, "पुसू का, बेगम?" शकीला लाजून लाल झाली, पण तिला रीतच पडली. साफसफाई करायची तर बिनधास्त सगळ्यावर आरएम सोडायचं आणि एकेका प्रश्नाला हो-नाही करत बसायचं, तांदूळ निवडावेत तसं.

मग सरांच्या घशात गाठ निघाली. जीव वाचेल, आवाज जाईल, डॉक्टरांनी स्वच्छ सांगून टाकलं. एकुलती लेक सगीरा तेव्हा वैजापूरला सासरी, पहिलटकरीण. सरांना जिवाचं काही नव्हतं, एकच गोष्ट डाचत होती. "नातवंड जन्मलं की त्याच्या कानात पहिली अजान मी देणार होतो गं शकीला." मौलाना म्हणाले, भरून ठेवलेली अजान चालणार नाही, जिवंत माणसाच्या तोंडूनच व्हायला हवी. "ती जावई देईल," सर म्हणाले, "माझी नुसती ऐकवा त्याला." आणि ऑपरेशनच्या आधी खोलीचं दार लावून त्यांनी आपल्या आवाजात अजान मशीनवर भरून ठेवली.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक पडलं, श्वास तिथून येऊ-जाऊ लागला, आवाज गेला. क्लास उठला. जुनी मशीनं विकायची म्हणून जावई फारूखनं नवा लॅपटॉप आणला, तीच सिस्टीम घातली, सगळ्या फायली तिकडं नेल्या. जुगाड तेवढं जुन्या मशीनवर राहिलं. कुणाच्या ध्यानात येणार होतं?

मशीनं पुसून विकली गेली. एका दुपारी शकीला लॅपटॉपवर साफसफाईला बसली. पोरांचे जुने धडे, हजेऱ्या, सरांची अजान, सगळं एकाच ठिकाणी पडलेलं. तिनं सवयीनं सगळ्यावर आरएम सोडलं आणि पहिल्या प्रश्नाची वाट बघत राहिली. प्रश्न आलाच नाही. पडदा गप्प. शकीलानं फायलींची यादी मागवली, तर एकही उरली नव्हती.

अजान परत मिळवायला सरांनी होते नव्हते ते उपाय केले. काही हाती लागलं नाही.

"अजी, शिव्या तरी घाला मला!" शकीला ओरडली. सरांनी पाटी ओढली, लिहिलं, "विचारण्याची सवय मीच लावली." तिला त्यांचा असा संताप आला म्हणता! कशाला करायची माणसानं एवढी माया, की तिच्यावाचून पुढं पाऊल टाकता येऊ नये? तिनं पाटी हिसकून पदरानं खसाखसा पुसली आणि तिथंच रडत बसली.

सगीराला मुलगी झाली. दवाखान्यात फारूखनं बाळ सरांच्या मांडीवर दिलं. सर वाकले, तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. ओठ हलू लागले. एकेक शब्द शकीलाला ओठांवर ओळखू येत होता. आवाज नव्हता, तोंडातून श्वासही नव्हता, तो गळ्यावरच्या फडक्याआड घरघरत होता. बाळ टक्क डोळे उघडून छताकडं बघत होतं.

सरांनी मान वर केली आणि शकीलाकडं पाहिलं. क्लासमधली पोरं हुकूम टाइप करून त्यांच्याकडं बघायची, तसंच. झालं का?

"झालं," शकीला म्हणाली. "गप्प आहे ना, म्हणजे झालं."

सरांनी मान डोलावली. मग फारूखनं बाळ अलगद उचलून घेतलं आणि पहिल्यापासून, मोठ्या आवाजात, अजान द्यायला सुरुवात केली.