पहिल्या टोकनाचं यंत्र

दर गुरुवारी सकाळी सातलाच सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत स्कूटर ठेवायला जागा उरत नसे. हॉलमध्ये चौरंगावर एक जुना डेस्कटॉप, त्याला झेंडूचा हार, शेजारी प्रिंटर आणि मागे गादीवर रेखामहाराज. भक्ताने माऊसवर हात ठेवून डोळे मिटायचे, की पडद्यावर शेंदरी रेषा आपसूक उमटू लागायच्या. त्रिकोण, वर्तुळ, पुन्हा त्रिकोण, देव्हाऱ्यातल्या श्रीयंत्रासारखे. प्रत्येकाचं यंत्र वेगळं. लोक हात जोडत.

"मैं कुछ नहीं करता," महाराज सांगत. "रेषा देवी ओढते, शाई देवी भरते. आपण फक्त कागद लावतो. वो भी ए-फोर."

छापील यंत्राच्या कोपऱ्यात तारीख आणि त्या दिवशीच्या रांगेतला टोकन नंबर पडे. मग महाराज ते वाचत. गोदावरीकाकूंना त्यांनी सांगितलं होतं, "मधला बिंदू मोकळा आहे, माई. रोग बाहेर निघून राहिला. एक्केचाळीस दिवस सुई बंद."

त्याला एकोणीस दिवस झाले होते. इन्सुलिन फ्रिजमध्ये पडून होतं आणि काकूंच्या टाचेवरची जखम काळी पडत चालली होती.

त्यांची पुतणी पूर्णिमा पॉलिटेक्निकमध्ये वीस वर्षं प्रोग्रामिंग शिकवत होती. समजावून झालं, विनवून झालं, डॉक्टरांना फोनही लावून दिला. आता तिचा आवाजच बसला होता.

"काकू, पाय पाहा एकदा."

"पाहून राहिली. देवीवर सोडलं."

"साखर देवी मोजत नाही."

"तू काहून एवढी नास्तिक झाली व?"

"कीर्तनात तुझ्या मागे टाळ कोण धरते? मीच ना?"

"मंग टाळच धर," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारच्या कांताबाई आपलं यंत्र लॅमिनेट करून दाखवायला आल्या. पूर्णिमाने सहज ते काकूंच्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरलं. रेषेवर रेषा बसली. वर्तुळावर वर्तुळ.

"एकाच देवीचं ना, बाई," कांताबाई म्हणाल्या.

पूर्णिमाने कोपरे पाहिले. गुरुवार वेगवेगळे, टोकन मात्र दोघींचं पहिलं. प्रोग्राममधली हीच चूक ती वीस वर्षं मुलांच्या वह्यांतून खोडत आली होती. अर्धा वर्ग दर साली करायचा.

पुढच्या गुरुवारी तिने भल्या पहाटे जाऊन पहिलं टोकन घेतलं. काकू आणि कांताबाई सोबत होत्याच. माऊसला हात लावण्याआधी तिने काकूंचं यंत्र गर्दीला दाखवलं. "आता माझंही हेच येईल."

"देवी को चैलेंज, दीदी?" महाराज हसले.

रेषा उमटत गेल्या. शेवटचं वर्तुळ पडलं. तेच यंत्र होतं.

"एकच घर, एकच गोत्र," महाराज घाईने म्हणाले.

"मी यांच्या घरची नाही ना, महाराज," कांताबाईंनी आपलं लॅमिनेशन वर धरलं. "मग माझंही हेच कसं?"

पूर्णिमाने प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. रांगेत पुढचे, बीरगांवच्या कारखान्यातून आलेले लहानू माऊसकडे सरसावले, तर ती म्हणाली, "भैया, हात खिशातच ठेवा." त्यांनी ठेवले. माऊस कोणी धरला नाही, तरी पडद्यावर पुन्हा तेच यंत्र निघालं.

"रेषा कुठून कुठे जाणार, याचे आकडे संगणक काढतो," ती थकल्या आवाजात सांगू लागली. "पत्ते वाटावेत तसे. पण आधी पिसावे लागतात, त्यासाठी प्रोग्राममध्ये एक ओळ लिहावी लागते. ज्याने हा लिहिला, तो ती विसरला. म्हणून दर गुरुवारी प्रोग्राम नव्याने उघडला की तेच पान आधी येतं. पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं. हवं तर आपापले कागद जुळवून पाहा."

"आज शक्ति कम है," महाराज पुटपुटले. कोणी ऐकलं नाही. लोक एकमेकांचे टोकन नंबर विचारत होते.

ऑटोत बसल्यावर काकूंनी आपला कागद मांडीवर उलगडला. मग म्हणाल्या, "मंग बिंदू कोणी मोकळा ठेवला?"

"कोणी नाही. आकडाच तसा निघाला." पूर्णिमाने त्यांचा हात धरला. "आपल्या कीर्तनकार बुवांनी इतकी वर्षं रडवलं, हसवलं. औषध टाक म्हणाले कधी? भक्ती करायची, काकू, पण कोणी चमत्कार दाखवला की दोन कागद उजेडात धरून पाहायचे. त्यात देव रागावत नाही."

काकूंनी पदराने टाच झाकली. "डॉक्टर पाय तर नाही कापणार?"

"आत्ता गेलो तर बहुतेक नाही."

काकू पुढे वाकल्या आणि ऑटोवाल्याला म्हणाल्या, "भैया, घर नको. अस्पताल चलो."